न बोलणारं बिल्ड

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसातल्या कामाची नोंद ऑफिसातच ठेवावी लागते, आणि तिच्यात रडगाणं गाता येत नाही. म्हणून हे इथे.

आमचं ऑफिस म्हणजे छापखान्याच्या वरच्या तीन खोल्या. खालची यंत्रं सुरू झाली की टेबलावरचा पेन आपोआप सरकत जातो. आम्ही बनवतो तो प्रोग्रॅम ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी आहे. टॅबलेटवर चित्रं आणि वाक्यं असतात, बोट लावलं की टॅबलेट ते वाक्य बोलतो. मालकीणबाई स्वतः वाचादोषांवर उपचार करतात, त्यांना सगळे मॅडम म्हणतात. आवाज रेकॉर्ड करायचं काम दाढीकडे. (त्याला नाव आहे, पण तोसुद्धा फोन उचलताना 'दाढी बोलतोय' म्हणतो.) आणि प्रोग्रॅम सांभाळायचं काम आता माझ्याकडे. नोकरीला लागून महिना झालाय. आईच्या आजारपणात मी हे क्षेत्र सोडलं, आणि परत आले तर सगळ्याची रूपं बदललेली. मॅडम म्हणाल्या होत्या, तीन महिने बघू. त्या बघतायत, हे मला पाठीला जाणवतं.

आज मिस्त्री आले. हे सुतार आहेत, पन्नाशी उलटलेले. घशाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्र काढावं लागलं. मॅडमच्या सांगण्यावरून ऑपरेशनच्या आधी दाढीने त्यांना समोर बसवून कामापुरती वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतली होती. त्यामुळे आमचा टॅबलेट हाच त्यांचा आवाज. तो टॅबलेट परवा फळीखाली सापडून फुटला. नवा घेतला तर त्यावर आमचा जुना प्रोग्रॅम चढेना.

मॅडम म्हणाल्या, "नवीन बिल्ड काढून द्यायचं फक्त. एका दिवसाचं काम आहे."

मीही मान हलवली. संध्याकाळपर्यंत पडद्यावर चुकांच्या लाल ओळी आणि माझे लाल कान.

रात्री घरी जेवताना ताईला सांगत होते. ताई पुढच्या खोलीत शिवणकाम करते, शाळेचे गणवेश, पडदे, पँट आखूड करणं वगैरे. तिला म्हटलं, "बघ, आम्ही प्रोग्रॅम लिहितो तो नुसता मजकूर असतो. तो मजकूर, चित्रं, आवाज हे सगळं जोडून एक फाइल करायची, ती टॅबलेटवर चढवायची. या जोडण्याला बिल्ड म्हणतात. ते कंप्युटरमधलं एक यंत्रच करतं, आपण फक्त सूचनांचा कागद द्यायचा."

"म्हणजे कापड तुझं, शिंपी दुसरा."

"हो. आणि सूचना जुन्या पद्धतीने लिहिलेल्या आहेत. नव्या शिंप्याला त्या कळत नाहीत."

"मग जुन्या शिंप्याकडे टाक."

"तो ज्या दुकानातून दोरे आणायचा ते दुकानच बंद झालंय."

हे अगदी खरं आहे. जुनं यंत्र लावून बघितलं, तर ते इंटरनेटवरच्या ज्या साठ्यातून सुटे भाग आणतं तो साठाच कोणीतरी बंद करून टाकलाय.

ताई म्हणाली, "तो माणूस तोवर बोलायचं काय करणार?"



१० फेब्रुवारी, मंगळवार

सूचनांची फाइल दहा वर्षांपूर्वीची आहे. लिहिणाऱ्याला इथे गुरुजी म्हणायचे, कारण तो सगळ्यांना शिकवायचा. आता दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. फाइलीत मध्येच त्याने लिहून ठेवलंय: 'हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.'

मी हात लावला. यंत्र म्हणतं, अमुक शब्द मला माहीत नाही. तो शब्द पूर्वी होता, मग त्यांनी म्हटलं हा वापरू नका, मग म्हणाले लवकरच काढू, आणि मग खरंच काढला. हे सगळं मी घरी औषधांच्या वेळा सांभाळत होते त्या काळात झालं. शब्द बदलला की चूक पुढच्या ओळीवर जाते. तोही बदलला की आणखी पुढे. जिना चढतेय पण माडी दिसत नाही.

दुपारी मिस्त्री परत आले. बोलता येत नसल्यामुळे ते दारात उभे राहतात आणि आपण मान वर करेपर्यंत वाट बघतात. कानावर पेन्सिल असते, खिशात लाकडाच्या पातळ चकत्या. एका चकतीवर लिहून दाखवलं, 'झालं?' मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी चकती उलटी केली, 'घाई नाही' असं लिहिलं. घाई नसती तर माणूस शहराच्या त्या टोकाहून कशाला येईल?

इतकं वाईट वाटलं की काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले, "आमच्या ताईचं कापायचं टेबल डुगडुगतं हो, सवड असेल तर बघाल का?" त्यांनी लगेच पत्ता मागितला. गुरुवारी मी घरूनच काम करते, तेव्हा या म्हटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्री आले, टेबल उलटं केलं, पायाखाली पाचर मारली, एक स्क्रू बदलला. तासाभराचं काम. ते चहाच्या वेळेपर्यंत होते. मी आतल्या खोलीत लाल ओळींशी झगडत होते, आणि पुढच्या खोलीत ताई बोलत होती. ताई बोलते म्हणजे काय, नळ सुटतो. गिऱ्हाइकं, गिऱ्हाइकांच्या सुना, एका हेडमास्तरांनी पँट तीनदा सैल करून घेतली ती गोष्ट. मला कानकोंडं झालं. एकाला बोलता येत नाही आणि दुसरी थांबत नाही.

ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई, त्यांना जरा उसंत द्यायची. बिचारे उत्तर पण देऊ शकत नाहीत."

ताई टेबलावर तळहात फिरवत होती. म्हणाली, "उत्तर देत होते की. तू आत होतीस."

बिल्डमध्ये आज दोन शब्द सुधारले. एका ठिकाणी कंस हवा होता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटी गुरुजीला फोन केला. आमची ओळख मी हे क्षेत्र सोडण्याआधीची. तीन दिवस लाजेने टाळत होते. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी लिहिलं होतं? मग तेव्हा बरोबर असणार."

"ते दोन बाण आहेत ना, कामाच्या नावापुढे, त्याचा अर्थ काय?"

"कुठले बाण?"

मी वर्णन केलं. तो म्हणाला, "आठवत नाही गं. पण तेव्हा सगळे घालायचे." मग त्याने माझी चौकशी केली, आई कशी आहे विचारलं. ती गेल्याचं मी सांगितलं. तो म्हणाला, "परत आलीस हे बरं केलंस." फोन ठेवल्यावर पाचेक मिनिटं खिडकीशी उभी राहिले. बाणांचं काहीच कळलं नाही, तरी बरं वाटलं.

एक लिहून ठेवते, कारण दिवसा ते कबूल करवत नाही. मला हे काम आवडतंय. लाल ओळ वाचायची, तिच्या मागे मागे जायचं, कोणीतरी दहा वर्षांपूर्वी काय मनात धरून हे लिहिलं असेल याचा अंदाज बांधायचा. भीती वाटते ती मॅडमची आणि मिस्त्रींची, फाइलीची नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

टेबल परत डुगडुगायला लागलं. आठवडाही टिकलं नाही. कारागीर चांगला असेल असं वाटलं होतं. मी तसं ताईला म्हटलं तर ती माझ्यावरच उखडली, "लाकूड जुनं आहे, त्यांचा काय दोष?" तिनेच त्यांना निरोप धाडला होता म्हणे.

मिस्त्री आले ते इस्त्री केलेल्या शर्टात. इथून पुढे कुठे समारंभाला जायचं असणार. मी आधी बाहेर जाऊन माफी मागितली, म्हटलं, प्रोग्रॅम अजून झाला नाही, तुम्हाला हेलपाटे पडतायत, मला फार लाज वाटते. त्यांनी दोन्ही हात हलवून नको नको केलं. माणूस भिडस्त आहे. खरा येतो चौकशीलाच, पण टेबलाचं निमित्त करतो.

या खेपेला टेबल झालं, आणि वर कपाटाचं बिजागर, खिडकीची कडी, शिवणयंत्राचा खण हेही झालं. ताई सारखं काहीतरी दाखवत होती. घरात इतक्या गोष्टी मोडलेल्या आहेत याची मला कल्पनाच नव्हती. पैसे द्यायला लागले तर त्यांनी खिशावर हात ठेवला आणि मान हलवली. मला अजूनच अपराधी वाटलं.

दोऱ्याची कात्री घ्यायला ताईचा खण उघडला तर त्यात स्क्रू-ड्रायव्हर. तिला विचारलं, हा इथे कसा, तर म्हणाली, मशीनचा आहे. मशीनचा इतका मोठा नसतो, पण असेल.

ताईच्या बाबतीत एक मनात येतं. भाऊजी गेले तेव्हा तिची चाळिशीही आली नव्हती. मग आई आली, मी आले, आणि आता आई नाही. मला समजा इथून काढून टाकलं आणि दुसऱ्या गावात काम मिळालं तरी मी जाणार नाही. तिला माझ्याशिवाय आहे कोण?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

झालं.

शेवटची लाल ओळ त्या दोन बाणांचीच होती. यंत्र म्हणत होतं, ही खूण मी ओळखत नाही. सकाळभर वाचलं, कुठे धड सापडेना. मग सरळ बाण पुसून टाकले. यंत्र चालू केलं, खाली छापखाना चालू झाला, पेन सरकत टेबलाच्या कडेपर्यंत गेला, आणि पडद्यावर हिरवी ओळ आली.

मी ती ओळ चारदा वाचली. मग ऑफिसच्या टॅबलेटवर प्रोग्रॅम चढवला, मिस्त्रींचं पान उघडलं, बोट लावलं. टॅबलेटमधून भरदार आवाज आला, 'मोजून घ्या, मग कापा.' दाढीने त्याच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "हा माणूस आला की काय?" मॅडम त्यांच्या जागेवरून हसल्या. पाठीवरचं ते बघणं आज जाणवलं नाही.

मिस्त्रींना उद्या या असा निरोप धाडला. घरी येताना ताईसाठी केक घेतला. ताईने एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, "म्हणजे आता काम संपलं?"

"संपलं की."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि बाकीचा केक तसाच ठेवला. तिला गोड कमीच लागतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

लिहायचं जिवावर आलंय. तरी लिहिते.

मिस्त्री वेळेच्या आधी आले. दाढी, मॅडम, सगळे जमले. मी त्यांच्या नव्या टॅबलेटवर प्रोग्रॅम चढवला. त्यांचं पान उघडलं, सगळी वाक्यं रांगेत. मी म्हटलं, तुम्हीच लावा बोट.

त्यांनी लावलं. वाक्य उजळलं. आवाज नाही.

मी आवाज वाढवला. परत लावलं. वाक्य उजळलं, नुसतंच. त्यांनी दुसऱ्या वाक्यावर लावलं, तिसऱ्या. मग टॅबलेट कानाशी धरला. ते पाहवलं नाही. बोलण्यासाठी बनवलेला प्रोग्रॅम मुका, तो हातात धरून एक मुका माणूस उभा, आणि चूक कुठे झाली हे सांगायला माझ्याकडेही शब्द नाहीत.

मॅडम म्हणाल्या, "तू तपासलं होतंस ना?"

"हो. काल बोलत होता."

मिस्त्रींनी टॅबलेट हळूच टेबलावर ठेवला, चकती काढली, लिहिलं, 'लाकूडही एका फटक्यात बसत नाही.' माझ्यासमोर ठेवून गेले. मला समजूत काढलेली चालत नाही, ओरडलेलं चालतं. ओरडायला त्यांच्याकडे आवाज नव्हता.

संध्याकाळी ताईला सांगितलं. वाटलं, जवळ घेईल. तिने आधी विचारलं, "ते काय म्हणाले? फार खट्टू झाले का?"

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस लाल ओळसुद्धा नाही. ती असती तर तिच्या मागे जाता आलं असतं. यंत्र म्हणतं, सगळं उत्तम. हिरव्या ओळीकडे बघून मला आता राग येतो.

आज दाढीने सहज विचारलं, "फाइल केवढी झाली?" मी आकडा सांगितला. त्याने दाढीत बोटं घातली. "हे कसं शक्य आहे? माझे आवाजच याच्या दुप्पट जागा खातात."

फाइल उघडून आत बघितलं. आवाजांचा कप्पा आहे, त्यावर नावही आहे, आत काही नाही. यंत्राला रिकामा कप्पा चालतो, त्याची ती चूक धरत नाही. आणि ऑफिसच्या टॅबलेटवर तो बोलला, कारण त्याच्या पोटात जुन्या प्रोग्रॅमचे आवाज पडून होते. नवा टॅबलेट कोरा.

म्हणजे मी तपासलं ते तपासणं नव्हतंच. मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं, कप्पा रिकामा आहे, का रिकामा आहे ते अजून कळलेलं नाही. त्या ऐकून घेत होत्या आणि पेन्सिलीला टोक काढत होत्या. म्हणाल्या, "माझ्याकडे येणारे पेशंट पहिल्या महिन्यात नुसतं तोंड उघडतात, आवाज निघत नाही. मी त्यांना घरी पाठवत नाही." मग पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, "सोमवारी बघ. शनिवार-रविवार त्या फाइलीचं नाव काढू नकोस."

काढून टाकायचं असेल तर असं बोलत नाहीत, असं दाढीचं मत.

२८ फेब्रुवारी, शनिवार

फाइलीचं नाव काढलं नाही. ताईबरोबर बाजारात गेले. तिने स्वतःसाठी निळ्या रंगाचं कापड घेतलं. कित्येक वर्षांत तिने स्वतःसाठी काही शिवलेलं मी पाहिलं नाही. म्हटलं, कसलं निमित्त? म्हणाली, कापड स्वस्त होतं. स्वस्त नव्हतं, पण मी वाद घातला नाही. निळा रंग तिला शोभतो.

येताना नदीकडच्या रस्त्याने चालत आलो. ताई एका सुताराच्या दुकानासमोर थांबली आणि भुशाचा वास येतो म्हणाली. मला तर काही आला नाही.

३ मार्च, मंगळवार

सापडलं, आणि इतकं साधं होतं की हसूच आलं.

सूचनांच्या कागदात एक काम आहे, 'आवाज भर'. त्याच्यापुढे ते दोन बाण होते. त्यांचा अर्थ असा की हे आत्ता करू नकोस, तुझी पाळी आली की कर. मी बाण पुसले आणि पाळीचं बंधनच गेलं. यंत्राने कागद वाचता वाचता, सगळ्यात आधी, आवाज भरून टाकले. त्यानंतर 'कप्पे साफ कर' या कामाची पाळी आली. त्याने इमानेइतबारे सगळे कप्पे साफ केले, माझ्या आवाजांसकट. मग रिकाम्या कप्प्यांची फाइल बांधली आणि हिरवी ओळ दाखवली.

नव्या पद्धतीत बाणांच्या जागी एक शब्द लिहायचा असतो, त्याचा अर्थ तोच, पाळी आल्यावर. एक शब्द आणि एक महिरपी कंस. तो लिहिला. फाइल काढली. फाइल जड निघाली. ऑफिसच्या टॅबलेटवरचं सगळं पुसून तो कोरा केला, मग चढवली. बोलला. परत पुसला, परत चढवली. परत बोलला. दाढी म्हणाला, "आता त्या टॅबलेटचा जीव घेऊ नकोस."

गुरुजीची सूचना मी खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं: 'हे का चालतं ते कळलं,' आणि पुढे कारण, सोप्या शब्दांत.

ताईला सांगितलं तेव्हा ती निळ्या कापडाला टाचण्या लावत होती. टाचण्या तोंडात धरूनच म्हणाली, "म्हणजे खिशात रुमाल घातला आणि मग सदरा धुवायला टाकला."

एवढ्या एका वाक्यासाठी मला आठवडा लागला.

५ मार्च, गुरुवार

मिस्त्रींना ऑफिसात बोलवायचं होतं, पण ताई म्हणाली, "गुरुवारी तू घरीच असतेस, इथेच येऊ दे." मलाही ते बरं वाटलं. परत फजिती झालीच तर चार माणसांत नको.

ते आले. ताई निळ्या नव्या कपड्यात मशीनवर बसून पडद्याची किनार शिवत होती. मी त्यांच्या टॅबलेटवर प्रोग्रॅम चढवला आणि त्यांच्या हातात दिला. 

त्यांनी बोट लावलं.

'चहा नको, पाणी चालेल.'

आवाज भारी आहे, थोडा घोगरा, आणि वाक्याच्या शेवटी एक बारीक खोकला आहे, तो दाढीने काढून टाकलेला नाही. मी हा आवाज शंभरदा ऐकलाय. पण ताईने कधीच ऐकला नव्हता, हे तिचं मशीन थांबलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. पडदा अर्धा सुईखाली, हात तसेच.

"परत लावा," ताई म्हणाली.

त्यांनी लावलं. मग दुसरं लावलं. 'लाकूड ओलं आहे, थोडं थांबावं लागेल.' मग, 'दाराला फट राहिली तर मला सांगा.' सगळी कामाची वाक्यं, गिऱ्हाइकांशी बोलायची. ताई एकेका वाक्याला मान हलवत होती, जणू प्रत्येक वाक्य तिलाच उद्देशून होतं. मग तिने चष्मा काढून पुसला. हल्ली तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, नंबर बदललेला दिसतो. पुढच्या आठवड्यात दाखवून आणते.

"असा आहे होय आवाज," ती म्हणाली. "मला वाटलं होतं बारीक असेल."

मिस्त्री हसले. त्यांचं हसणं म्हणजे नुसते खांदे हलतात.

मला इतकं हलकं वाटलं. मी म्हटलं, "चला, तुमची पायपीट संपली. आता काही अडलं तर ऑफिसात कळवा, आम्ही बघतो. इथपर्यंत यायचा त्रास नको."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग टॅबलेटवर पानं उलटून काहीतरी शोधलं आणि बोट लावलं.

'मी उद्या परत येतो.'

"नाही हो," मी म्हटलं, "खरंच गरज नाही. सगळं झालंय."

'मी उद्या परत येतो.'

मला वाटलं, त्यांना माझं नीट ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने म्हटलं, "टेबलही आता घट्ट आहे."

'मी उद्या परत येतो.'

 बटण अडकलंय. इतकं करून परत काहीतरी राहिलंच. मी टॅबलेट घ्यायला हात पुढे केला तर ताई मशीनवरून म्हणाली, "असू दे गं, छोटे." आणि मग त्यांच्याकडे बघून, अगदी हळू, "या. चारनंतर मी मोकळी असते."

ते गेल्यावर ताईने पडदा सुईखालून काढला. किनार वाकडी गेली होती, ती तिने उसवून परत घातली. ते निघण्याआधी मी तपासणीसाठी टॅबलेटवरची बोटांची नोंद, कुठे कधी बोट लागलं ती, उतरवून घेतली होती. उद्या आधी ते अडकलेलं बटण बघायचं.

६ मार्च, शुक्रवार

ऑफिसात गेल्या गेल्या नोंद उघडली. बटण अडकलं की एकच लांबलचक स्पर्श दिसतो. इथे तीन स्पर्श आहेत, तिन्ही सुटे. पहिल्यानंतर बोट उचललंय. दुसऱ्यानंतर तर ते मागच्या पानावर गेलेत, दुसरी वाक्यं बघितलीत, आणि पुन्हा याच वाक्याकडे आलेत. प्रोग्रॅम अगदी बरोबर वागला.

काल रात्री मी कामाच्या यादीत तो दोष टाकून ठेवला होता. तो बंद करताना कारण लिहावं लागतं, त्याशिवाय यादी पुढे जाऊ देत नाही. मी विचार न करता लिहिलं: 'दोष नाही. वापरणाऱ्याला तेच म्हणायचं होतं.'

लिहिलं आणि वाचलं. मग परत वाचलं.

दाढी दारातून जात होता. "काय झालं? परत लाल?"

"नाही," मी म्हटलं. "हिरवंच आहे."

मग एकेक आठवायला लागलं. इस्त्रीचा शर्ट. खणातला स्क्रू-ड्रायव्हर. ताई म्हणाली होती, उत्तर देत होते की, तू आत होतीस. मी त्या माणसाची दर आठवड्याला माफी मागत होते, आणि तो बिचारा दर आठवड्याला नको नको करत होता. काल तर मी त्याला येऊ नका असं तीनदा सांगितलं. कान इतके तापले की बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले. आरशात बघून हसू आलं, मग थोडं रडूही आलं, आणि कशाचं किती ते मला नीट सांगता येणार नाही. तिला माझ्याशिवाय कोण आहे असं मीच इथे लिहिलंय. ते आता खोडत बसत नाही.

दुपारी मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, तीन महिने बघायची गरज राहिली नाही, आणि बाकीच्या जुन्या प्रोग्रॅमच्या फाइलीही तुझ्याकडे देते. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, तुला आनंद झालेला दिसत नाही. मी म्हटलं, झालाय, पण आज जरा गर्दी झालीय.

साडेचारला निघाले. बसमध्ये बसले असते तर पाचच्या आत पोचले असते, म्हणून चालत निघाले. नदीकडच्या रस्त्याने. त्या सुताराच्या दुकानासमोर थांबले. भुशाचा वास येतो खरा. मग उगाच एका दुकानात शिरून दोऱ्याची रिळं बघितली, एक निळं घेतलं, आणखी एक चक्कर मारली.

घराशी पोचले तेव्हा पुढच्या खोलीत दिवा होता. मशीनचा आवाज नव्हता, ताईच्या बोलण्याचाही नव्हता. दारात त्यांच्या चपला, एकीपासून दुसरी जरा लांब, घाईत काढल्यासारख्या. किल्ली माझ्या हातातच होती. ती मी पर्समध्ये परत टाकली.

स्वतःच्या घराची बेल मी आज पहिल्यांदा वाजवली, आणि दार उघडेपर्यंत थांबले.